नंबर लागला नाही, मग?

बारावीचा निकाल लागला की मराठी घरांत एक प्रश्न सुरू होतो: "नंबर लागला का?" प्रवेश 'मिळाला' असं आपण फारसं म्हणत नाही. नंबर 'लागतो'. रेशनच्या दुकानात रॉकेलला लागायचा, तसाच इंजिनिअरिंगला लागतो. शब्दातच सगळं चित्र आहे. खिडकी एक आहे, रांग लांब आहे, आणि आपली पाळी येईपर्यंत डबा रिकामा झाला तर घरी परतायचं.

आता गंमत बघा. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात जे लोक इंजिनिअर म्हणून जगले, ज्यांनी पूल बांधले, वीज खेळवली, कारखाने चालवले, त्यांतले कितीतरी या खिडकीतून गेलेच नाहीत. कुणाचे मार्क कमी पडले, कुणाला परीक्षेलाच बसता आलं नाही. त्यांनी दुसऱ्या वाटा धरल्या. या वाटांबद्दल आपण बोलतो ते कुजबुजत तरी, नाहीतर नाक मुरडत तरी. 'डोनेशनवाला', 'डिप्लोमावाला', 'एएमआयईवाला'. हे 'वाला' लावलेले शब्द ऐकत आपण मोठे झालो. म्हणून वाटलं, की या वाटा कुठून निघाल्या, कुणी पाडल्या आणि कुणी बुजवल्या ते एकदा नीट मांडून बघावं.

सुरुवात पुण्यापासून करू. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू झाली. आजच्या सीओईपीचं ते मूळ. तो वर्ग पदवीधर घडवायला काढलेलाच नव्हता. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, कालवे, इमारती आणि पूल यांच्या कामावर दुय्यम अधिकारी हवे होते, त्यांच्यासाठी तो होता. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि एलसीई ही परवाना परीक्षा आली. विश्वेश्वरय्या बंगळूरला बीए करून, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आले आणि १८८३ साली इथूनच एलसीई झाले. म्हणजे एकाच आवारात दोन प्रकारचे लोक तयार होत होते. काही साहेब होणार, काही ओव्हरसिअर होणार. काम एकाच कालव्यावर, पण मधली पायरी चढायला अवघड. आपल्या तंत्रशिक्षणाची ही जन्मखूण आहे असं मला वाटतं. पुढच्या दीडशे वर्षांतल्या सगळ्या आडवाटा ही पायरी चढण्यासाठीच निघाल्या.

मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय निघालं. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आता वीरमाता जिजाबाई. गिरण्यांच्या शहराला गिरण्या चालवणारी माणसं हवी होती, म्हणून हे निघालं. इथले एलएमई, एलईई झालेले लोक कारखान्यांत मोठमोठ्या जागांवर गेले, आणि तरी ते पदवीधर नव्हते. पदवीचे वर्ग तिथे १९४६ साली आले. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं ही नामांकित संस्था पदवीशिवाय चालली आणि कुणाचं काही अडलं नाही! लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे शिकवायचे. ते मुळात चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. हातात इंजिनिअरिंगची पदवी नाही, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. अर्थात किर्लोस्करांचं उदाहरण देऊन 'पदवीत काय आहे' असं म्हणणं सोपं असतं. सगळेच किर्लोस्कर नसतात. सामान्य माणसाला बढतीच्या फाइलवर पदवी लागते.

आणि त्या सामान्य माणसासाठी एक वाट होती. तिचं नाव एएमआयई.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० च्या सुमारास उभी राहिली, १९३५ साली तिला राजसनद मिळाली. तिच्या परीक्षा १९२८ पासून सुरू झाल्या. कॉलेज नाही, वर्ग नाही, हजेरी नाही. 'सेक्शन ए' आणि 'सेक्शन बी' असे दोन टप्पे. वर्षातून दोनदा परीक्षा, झेपतील तितके विषय घ्यायचे, राहतील ते पुढच्या खेपेला. दोन्ही टप्पे पार झाले की सरकारी नोकरीसाठी ते पदवीच्या बरोबरीचं. त्यावर यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा देता यायची, गेट देऊन एमटेकलाही जाता यायचं.

ही वाट कुणाची होती? रेल्वे वर्कशॉपमधल्या चार्जमनची, वीज मंडळातल्या ज्युनिअर इंजिनिअरची, दारूगोळा कारखान्यातल्या सुपरवायझरची. आमच्या ओळखीत असे एक काका होते. पहिली पाळी करून यायचे, जेवायचे, तासभर झोपायचे आणि मग ओट्याजवळच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसायचे. त्यांच्या मुलाची शाळेची परीक्षा आणि त्यांची स्वतःची परीक्षा एकाच सुमारास यायची. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे दोन विद्यार्थी आहेत, मोठा जास्त नापास होतो." काकाही हसायचे. आठ वर्षं लागली त्यांना. बरोबर अभ्यास सुरू केलेले बहुतेक जण मध्येच थांबले होते. परीक्षा अवघड होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. या वाटेवर पैसा फार लागत नव्हता, वर्षं लागत होती.

पैसा लागणारी वाट वेगळी. तिचा उगम आपल्या सीमेपलीकडे आहे. कर्नाटकात मणिपालला १९५३ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी खाजगी मेडिकल कॉलेज काढलं, १९५७ साली इंजिनिअरिंगचं. बेळगावात १९६३ साली केएलई संस्थेचं मेडिकल कॉलेज आलं. इकडे महाराष्ट्रात पुणे, मुंबई, सांगली, नागपूर, कराड, औरंगाबाद अशी इंजिनिअरिंग कॉलेजं बोटांवर मोजण्यासारखी होती. तेव्हा सरकारी यादीत नाव आलं नाही आणि बापाची ऐपत असली की पोरगा कर्नाटकात जायचा. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या लोकांना तर बेळगाव, गुलबर्गा घरचंच. 'कॅपिटेशन फी' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे 'डोनेशन' होऊन आला आणि मराठीच झाला. दान म्हणायचं आणि पावती मागायची नाही.

त्यातच शिक्षणाचा आकृतिबंध बदलला. आधी अकरावीची मॅट्रिक, मग कॉलेजात दोन वर्षं, इंटर सायन्सला बरे मार्क असले की इंजिनिअरिंग. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकदम एसएससीला बसल्या. १९७७ साली बारावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. इंटरची परीक्षा विद्यापीठाची होती, बारावी राज्य मंडळाची झाली. एकच पेपर, एकच निकाल, सगळ्यांचे मार्क एका मापात. आता रांग खऱ्या अर्थाने राज्यभराची झाली. पीसीएमचे तीनशेपैकी किती, या एका आकड्यावर घरं हसायला किंवा रडायला लागली. मार्क मोजणं सोपं झालं की जागा कमी आहेत हे ढळढळीत दिसायला लागतं. दोन मार्कांनी नंबर गेलेला मुलगा आणि नंबर लागलेला मुलगा यांच्यात अकलेचा फरक कितीसा असणार? पण फरक करायला काहीतरी हवं, म्हणून ते दोन मार्क.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या निर्णयावर आजवर इतकी शाई खर्च झाली आहे की नव्याने काही म्हणणं अवघड. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता, मागणी होती, आणि महाराष्ट्राचा पैसा बेळगाव-मणिपालकडे वाहत होता. तो इथेच राहावा हा हिशेब सरळ होता. त्या एक-दोन वर्षांतच पुण्यात एमआयटी, भारती विद्यापीठ, प्रवरानगर, नाशिकला के. के. वाघ, कोल्हापूरला डी. वाय. पाटील अशी कॉलेजं निघाली. सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि राजकारण यांचा गोफ विणला गेला आणि मराठीला 'शिक्षणसम्राट' हा नवा शब्द मिळाला.

शिव्या घालायला या गोष्टीत पुष्कळ जागा आहे. पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळा, तपासणीपुरती आणलेली यंत्रं, नुकतंच बीई झालेले लेक्चरर, सगळं खरं. ज्याच्या बापाकडे ऊस होता त्याला जागा मिळाली, ज्याचा बाप त्या उसाच्या फडात कोयता घेऊन होता त्याला नाही, हेही खरं. पण दुसरी बाजू दाबून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तोवर इंजिनिअर म्हणजे पुण्या-मुंबईचा, बहुतेक वेळा ठरावीक आडनावांचा. लोणी-प्रवरानगरसारख्या ठिकाणी कॉलेज आल्यावर ज्या घरात कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं तिथला पोरगा ड्रॉइंगचा बोर्ड काखेत मारून एसटीने जायला लागला. मुलींच्या बाबतीत तर फार फरक पडला. 'पुण्याला हॉस्टेलवर ठेवणार नाही, पण इथल्या इथे शिकू दे' असं म्हणणारे आईवडील होतेच की. पुढे संगणकाची लाट आली तेव्हा त्या लाटेवर चढायला जी हजारो मराठी पोरं तयार होती, त्यांतली कितीतरी या 'डोनेशन' कॉलेजांतली होती.

सरकारलाही हे अवघड जागेचं दुखणं झालं होतं. १९८७ साली महाराष्ट्राने कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला, कर्नाटकाने १९८४ सालीच केला होता. कायदा झाला म्हणून पाकिटं थांबली नाहीत. मग प्रकरणं सुप्रीम कोर्टात गेली. मेरठच्या मोहिनी जैन यांना कर्नाटकात तुमकूरच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश हवा होता. सरकारी जागेची फी वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,०००, आणि बाहेरच्यांना ६०,०००. त्या ६०,००० भरू शकत नव्हत्या. १९९२ साली कोर्टाने म्हटलं, कॅपिटेशन फी घटनाबाह्य. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने योजनाच आखून दिली: निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट', आणि दोन्ही गुणवत्तेच्या यादीनेच भरायच्या. ज्यांनी नव्वदच्या दशकात प्रवेश घेतला त्यांना हे दोन शब्द आजही आठवत असतील. या योजनेतही एक विचित्रपणा होताच. चांगल्या शाळा-क्लासात गेलेल्याला जास्त मार्क, म्हणून त्याला फ्री सीट. मार्क थोडे कमी पडलेल्या गरिबाच्या वाट्याला पेमेंट सीट, आणि तिची फी तोच भरू शकणार नाही! २००२ साली टीएमए पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना मोडीत काढली. २००५ साली इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सात न्यायमूर्तींनी पुन्हा निकाल दिला: संस्थांना स्वायत्तता आहे, पण कॅपिटेशन फी नाही, आणि अनिवासी भारतीयांसाठी जास्तीत जास्त पंधरा टक्के जागा. मार्क कमी पडलेल्या श्रीमंतासाठी एक दार असं अधिकृतपणे उघडं राहिलं. फक्त त्याला परदेशात एखादा मामा असावा लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या विषयावर बोलताना हमखास गल्लत होते. राखीव जागा ही आडवाट नव्हे. ती त्याच खिडकीची, घटनेने आखलेली रांग आहे. तिलाही कटऑफ असतो, तिथेही नंबर जातो. आयआयटींत १९७३ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या, आणि सवलतीचे गुणही न मिळाल्याने जागा रिकाम्या राहू लागल्या. मग आयआयटींनी एक चांगली गोष्ट केली. थोडक्यात हुकलेल्यांना वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम द्यायचा, आणि तो पार केला की पुन्हा प्रवेशपरीक्षा न घेता पहिल्या वर्षात घ्यायचं. 'तुला येत नाही' असं म्हणून परत पाठवण्याऐवजी 'ये, वर्षभर शिकवतो' असं म्हणणारी वाट आपल्या व्यवस्थेत फार विरळा आहे, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख केला.

आता राहिली डिप्लोमाची वाट. माझ्या मते सगळ्यांत शहाणी, आणि सगळ्यांत कमी कौतुक झालेली.

हिशेब करून बघा. दहावी, बारावी, मग चार वर्षं बीई: दहा अधिक दोन अधिक चार, सोळा. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि मग थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला: दहा अधिक तीन अधिक तीन, सोळाच! आणि बारावीत आपटलेल्याचं काय? बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. दोन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं बीई, एकूण सतरा. म्हणजे बारावीला नंबर गेल्याची किंमत फक्त एक वर्ष. ज्या घरात त्या जूनमध्ये सुतक असल्यासारखं वातावरण असतं, तिथे हा हिशेब कुणीतरी वेळेवर कागदावर मांडून दाखवायला हवा.

शिवाय या वाटेवर मध्येच उतरता येतं. तीन वर्षांनी हातात डिप्लोमा आहे, घरची अडचण असली तर नोकरी धरता येते. कामगाराच्या, लहान शेतकऱ्याच्या घरातून मुलगा पॉलिटेक्निकला घातला जायचा तो याच विचाराने. अर्थात किंमत इथेही आहेच. पंधराव्या वर्षी मेकॅनिकल की सिव्हिल हे ठरवावं लागतं. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागाही मोजक्या. मंजूर जागांच्या दहा टक्के, मध्ये काही वर्षं वीस टक्के, अधिक पहिल्या वर्षाच्या उरलेल्या. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला पुन्हा तीच मार्कांची रांग. आणि आत गेल्यावर पहिला डोंगर असतो 'एम-थ्री'चा. बारावीवाल्यांचं दोन वर्षं कॅल्क्युलस झालेलं असतं, डिप्लोमाची पोरं तोवर लेथवर हात काळे करत असतात. पहिल्या सेमिस्टरला गणितात आपटतात आणि वर्कशॉपला बाकीच्यांना शिकवतात. 'डिप्लोमावाला' हा शब्द तुच्छतेने उच्चारणारा मित्र त्याच्याच मशीनपाशी जाऊन जॉब पूर्ण करून घेतो, हे कुठल्याही कॉलेजात बघायला मिळालेलं दृश्य आहे.

तर वाटांचा हिशेब असा. एका वाटेवर पैसे मोजायचे, एकीवर वर्षं मोजायची, एकीवर लहान वयात जोखीम घ्यायची. मार्क कमी पडल्याची भरपाई प्रत्येकाने आपल्याकडे जे होतं त्यात केली. वर्तमानपत्रांत, कोर्टांत, विधानसभेत चर्चा झाली ती मात्र पैशाच्या वाटेची. वर्षं मोजणारे लोक गरिबीने आणि चिकाटीने चालत राहिले. त्यांच्यासाठी कुठल्या अकरा न्यायमूर्तींचं पीठ बसलं नाही.

आणि शेवटी बंद झाली ती त्यांची वाट. केंद्र सरकारने ठरवलं, की ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव नोंदवलं त्यांचीच एएमआयई पदवीच्या बरोबरीची धरायची, त्यानंतरच्यांची नाही. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारा दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द. त्या विद्यापीठांचा कारभार बघता निकाल चुकीचा होता असं म्हणवत नाही. घरी बसून इंजिनिअरिंग कसं शिकणार, प्रयोगशाळेचं काय, हे प्रश्न रास्तच. पण पदवी गेली ती नोकरी सांभाळून शिकलेल्या माणसांची, बढती त्यांचीच अडकली.

आता दैवाची थट्टा बघा. ही दारं बंद होत होती त्याच वर्षांत महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जागा ओस पडत होत्या. २०१० नंतर रिकाम्या जागांच्या बातम्या दरवर्षीच्या झाल्या, काही कॉलेजांना टाळं लागलं. पूर्वी विद्यार्थी रांगेत उभे असायचे, आता प्राध्यापक बारावीच्या मुलांच्या घरी फोन करायला लागले. नंबर न लागण्याचं दुःख नाहीसं झालं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही, ते फक्त सरकलं. रांग आता कॉलेजसाठी नाही, ठरावीक चार कॉलेजांतल्या ठरावीक शाखेसाठी आहे. आणि रिकामी जागा असली तरी तिची फी असतेच. म्हणजे पैशाची वाट रुंद झाली, इतकी की तिच्यावर आता गर्दीही नाही. वर्षं मोजण्याची वाट मात्र बुजली.

थोडी दिलाशाची गोष्ट म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग घ्यायला एआयसीटीईने २०२३-२४ पासून परवानगी दिली आहे. डिप्लोमा झालेल्या कामगाराने पाळी संपवून वर्गात बसावं ही कल्पना चांगली आहे. आमच्या त्या काकांना हे मिळालं असतं तर त्यांची चार-पाच वर्षं तरी वाचली असती. पण यातही अट आहे की तुमच्या कामाच्या जागेजवळ असं कॉलेज असलं पाहिजे, आणि फी आहेच. एएमआयईचा अर्ज गडचिरोलीच्या सबस्टेशनमधूनही भरता यायचा.

दरवर्षी जूनमध्ये टॉपरांचे फोटो छापून येतात. त्यात वाईट काही नाही, पोरांनी कष्ट केलेले असतात. पण शिक्षणव्यवस्था कशी आहे हे बघायचं असेल तर मी त्या फोटोंकडे बघणार नाही. मी बघेन की त्या वर्षी ज्याला कमी मार्क पडले, ज्याच्या बापाकडे पैसेही नाहीत, त्याच्यासमोर किती वाटा शिल्लक आहेत. १९२८ साली परक्या सरकारच्या राज्यात निदान एक होती.